आहार बदलला की सोबत बदलली?

ओमेगा-३ मेदाम्ले (शरीराला लागणारे एक प्रकारचे मेद) नसलेल्या खाद्यावर वाढलेल्या उंदरांमध्ये चिंतेची लक्षणे अधिक दिसतात आणि आहारातील ट्रिप्टोफॅन या प्रथिनांतल्या घटकापासून मेंदूत सेरोटोनिन हे मनःस्थितीशी निगडित रसायन तयार होते, हे एव्हाना बहुतेकांना पाठ झाले आहे. खटकते ते वेगळेच. आहाराचा म्हणून सांगितलेला परिणाम प्रत्यक्षात एकटेपणाचाही असू शकतो, याकडे आहार आणि चिंता यांचा संबंध उंदरांवरच्या प्रयोगांतून सांगणारे लेख सर्रास काणाडोळा करतात.

या घोळाचे मूळ पिंजऱ्यात आहे. कोणत्या प्राण्याने किती ग्रॅम खाल्ले हे नेमके मोजायचे, तर प्रत्येकाला वेगळे ठेवणे सोयीचे पडते. म्हणजे खाद्य बदलण्याआधीच सोबत काढून घेतलेली असते. दोन्ही गट सारखेच एकटे होते, मग तुलनेत खोट कुठे, असे यावर विचारले जाते. तुलनेत खोट नाही, पण तिच्यातून एकट्या पडलेल्या प्राण्यावर त्या खाद्याचा काय परिणाम झाला एवढेच कळते, आणि निष्कर्ष मात्र सगळ्या उंदरांच्या नावावर लिहिला जातो.

शिवाय हे दोन घटक एकमेकांत झिरपतात. प्रयोगशाळेतले तापमान साधारणपणे २० ते २४ अंश सेल्सिअस असते, तर लहान उंदराला ऊब टिकवण्यासाठी जादा ऊर्जा खर्च करावी लागू नये म्हणून सुमारे ३० अंश लागतात. चार जण बिलगून झोपले की ऊब वाटली जाते. एकट्याला ती खाऊन भरून काढावी लागते, म्हणजे सोबत गेली की आहारही बदललाच. उलट, एकत्र राहणाऱ्या नरांमध्ये जो दबलेला असतो त्याचे वजन घटू शकते, आणि ती उपासमार खाद्याची नसून हुकमतीची असते. म्हणून पुरेसे व अपुरे खाद्य, एकटे व सोबतीत, असे चार गट नसतील, तर त्या प्रयोगातून या दोहोंची फारकत करता येत नाही.

चिंता मोजण्याच्या साधनातही हाच धोका आहे. जमिनीपासून सुमारे अर्धा मीटर उंचीवर अधिकच्या (+) चिन्हासारखा चौफाटा असतो. दोन फाट्यांना भिंती, दोन उघडे. बिचकलेला प्राणी भिंतीच्या आडोशाला राहतो, अंग लांबवून उघड्या फळीवर नाक तेवढे काढतो आणि पुन्हा आत घेतो. उघड्यावर अधिक वेळ काढणारा निश्चिंत मानला जातो. पण उपाशी प्राणी अन्नाच्या शोधातही बाहेर पडतो, त्यामुळे ‘कमी खाल्ल्याने चिंता घटते’ असे मथळे मला मुळीच मान्य नाहीत.

आणखी एक तक्रार आपल्या भाषेपुरती आहे. रॅट (आकाराने मोठा) आणि माउस (लहान) या दोन्हींना आपण ‘उंदीर’ म्हणून मोकळे होतो. रॅटला सोबत मानवते. प्रौढ नर माउस मात्र एकत्र ठेवले की पुष्कळदा एकमेकांच्या पाठीचे आणि शेपटीचे लचके तोडतात. एकाचे निष्कर्ष दुसऱ्याला चिकटवण्यापेक्षा इंग्रजी शब्द तसेच ठेवलेले बरे.

पोषण आणि सोबत यांची ताटातूट जाणूनबुजून केली ती अमेरिकी मानसशास्त्रज्ञ हॅरी हार्लो यांनी. विस्कॉन्सिनमधील त्यांच्या १९५८च्या प्रसिद्ध प्रयोगात माकडाच्या पिल्लांना दोन कृत्रिम आया दिल्या होत्या, एक तारेची आणि एक मऊ कापडाची. दूध तारेच्या आईकडे असले, तरी पिल्ले तिच्याकडे पिण्यापुरती जात आणि बराचसा वेळ कापडाच्या आईला बिलगून काढत. घाबरली की धावही तिकडेच घेत.