रोमन कोरीव रत्नं: कारागीर आणि देव

अंगठीतल्या छोट्याशा खड्यावर आत खोदून काढलेलं चित्र म्हणजे इंटाग्लिओ. तो शिक्का म्हणून मेणावर किंवा मातीवर दाबला की चित्र उठावात येतं आणि डावं-उजवं उलटतं, त्यामुळे ठशात हातोडा उजव्या हातात दिसायला हवा असेल तर खड्यावर तो डाव्या हातात कोरावा लागायचा.

देव तर नेहमीचेच, ज्युपिटर, मिनर्व्हा, मर्क्युरी, फॉर्च्युना. खरा वाद आहे तो कारागिरांच्या चित्रांवर. साधारण इ.स.पू. तिसऱ्या ते पहिल्या शतकातल्या इटलीच्या खड्यांवर एक दाढीवाला माणूस बसून अर्धवट मानवी देह घडवताना दिसतो, काहींवर तर नुसता सांगाडाच. बहुतेक अभ्यासक त्याला ग्रीक पुराणातला माणूस घडवणारा प्रॉमिथियस मानतात, काहींना तो साधा शिल्पकार वाटतो. सांगाड्यावर काम चाललंय तिथे प्रॉमिथियसच जास्त पटतो, कारण मूर्तिकार हाडांपासून सुरुवात कशाला करेल? पण नुसतं डोकं किंवा भांडं घडवणारा असेल तर तो कारागीरच समजलेला बरा. काळ मात्र शैलीवरूनच ठरवतात, कारण बरेचसे खडे उत्खननातून नाही तर जुन्या संग्रहांतून आलेत, म्हणून शे-पन्नास वर्षं इकडेतिकडे धरूनच चालावं.

दगड बहुतेक कार्नेलियन (लालसर अकीक), जास्पर (अपारदर्शक रंगीत दगड), ऑनिक्स (पट्टेदार अकीक). पेरिप्लस या पहिल्या शतकातल्या ग्रीक व्यापारी मार्गदर्शिकेत पैठणहून गाड्यांनी भडोच बंदरात ऑनिक्स जायचा असा उल्लेख आहे, म्हणजे रोमन बाजारातला काही माल आपल्या दख्खनचा असणार. कोरायला धनुष्याने फिरवायचं ड्रिल आणि एमरी या कठीण दगडाची पूड तेलात कालवून. आजच्या तुर्कस्तानातल्या सार्डिसच्या डोरोस नावाच्या रत्नकोरक्याच्या थडग्यावर असं अवजार कोरलेलं आहे. भिंग वापरायचे का यावर मतभेद आहेत. पाण्याने भरलेल्या काचेच्या गोळ्यातून अक्षरं मोठी दिसतात हे रोमन लेखक सेनेकाने लिहिलंय, पण तेवढ्यावरून कारागिराच्या हातात भिंग देणं घाईचं वाटतं.

कोरणाऱ्यांची नावं फार थोडी टिकली. सम्राट ऑगस्टसचा शिक्का डायोस्कुरिडीसने कोरला असं रोमन लेखक प्लिनी सांगतो, त्याचा मुलगा युटिकीस यानेही सही केलेला खडा मिळालाय.

सामान्य दुकानातला माल बघायचा तर इंग्लंडमधल्या स्नेटिशॅमचा साठा, 1985 मध्ये सापडलेला, इ.स. दुसऱ्या शतकातल्या सोनाराचा. एका मडक्यात शंभरहून जास्त कोरीव कार्नेलियन, बहुतेक अजून अंगठीत न बसवलेले, सोबत वितळवायची चांदीची नाणी आणि घासून चकाकी आणायचं क्वार्ट्झचं हत्यार.