स्टीलचा गडू, तांब्याची चमक

नाशिकच्या भांडी बाजारात काढलेला स्टीलच्या गडूचा एक फोटो माझ्याकडे होता. तो फोटोतच तांब्याचा करून पाहावा, असं मनात आलं. गिंप या फोटो-संपादनाच्या सॉफ्टवेअरमध्ये वर तांबूस थर दिला, थराचा मोड (तो खालच्या फोटोत कसा मिसळायचा ते) ‘कलर’ ठेवला. गडू लालसर झाला खरा, पण दिसायला लागला प्लास्टिकचा! पोटावरची चमक मोठी करून पाहिली, तर ती पांढरीच राहिली होती.

खरी मेख तिथेच आहे. प्लास्टिकवर समोरून पडलेल्या प्रकाशापैकी जेमतेम ४ टक्के प्रकाश वरच्या वर परततो. तो आत शिरतच नाही, म्हणून त्याला वस्तूचा रंग लागत नाही. लाल बादलीवरची चमक पांढरी असते ती यामुळे. धातूचं तसं नाही. त्याचा रंगच मुळी या वरच्या परावर्तनातून येतो. स्वच्छ तांबं लाल प्रकाश साधारण ९५ टक्के परतवतं, हिरवा ६४ आणि निळा ५४. म्हणून तांब्याची चमकसुद्धा तांबूस, आणि आपला डोळा धातू ओळखतो तो बऱ्याच अंशी तिच्यावरून.

‘कलर’ मोड मूळचा उजेड तसाच ठेवतो. पूर्ण पांढऱ्यावर रंग चढायला जागाच उरत नाही. ‘मल्टिप्लाय’ मात्र प्रत्येक बिंदूतल्या लाल, हिरव्या, निळ्याला थराच्या रंगाने गुणतो. तांबं प्रकाशाशी हेच तर करतं! थराला २५५ पैकी लाल २५०, हिरवा २०९, निळा १९२ असा रंग दिला. (पडद्याचे हे आकडे प्रकाशाच्या सरळ प्रमाणात नसतात, म्हणून वरचे ९५, ६४, ५४ टक्के इथे असे दिसतात.) स्टील जवळजवळ रंगहीन आरसाच असल्याने पोटात दिसणारं आकाश, समोरची पाटी, सगळं एकदम तांबूस झालं.

तरी गडूचं तोंड फिकट वाटत होतं. आतल्या बाजूला प्रकाश दोनदा आपटून बाहेर येतो, म्हणजे गुणाकारही दोनदा: लाल ९० टक्के उरतो, हिरवा ४१, निळा फक्त २९. तिथे तोच थर आणखी एकदा दिला आणि आतून गडद लाली उमटली. (आत कल्हई असलेलं भांडं दाखवायचं असेल, तर आतला भाग थरातून वगळायचा. कल्हई कथलाची, ती पांढरटच दिसते.)

ठोक्याचं काम, म्हणजे हातोडीने पाडलेले बारीक खळगे, मात्र रंगाने येत नाही. प्रत्येक ठोका हा छोटा आरसा असतो, त्याची चमक वेगळ्या जागी पडते. त्यासाठी बाजारात परत जाऊन ठोक्याच्याच गडूचा फोटो काढला.