घरदार सोडलं ते कुणासाठी? कोकण किनाऱ्यावरच्या ख्रिस्ती त्यागाची पार्श्वभूमी

राखेच्या बुधवारपासून ईस्टरपर्यंतच्या उपवासकाळात वसईतल्या बऱ्याच ख्रिस्ती घरांत मटण-मासळीला आवर घातला जातो आणि वाचलेल्या पैशांतून गरजूंसाठी काही बाजूला निघतं. उपासतापास आपल्याला नवे नाहीत. पण सोडलेलं दुसऱ्याच्या पदरात पडलं पाहिजे, ही इथली अट. येशूने श्रीमंत माणसाला नुसतं ‘सगळं विक’ असं नाही सांगितलं, गोरगरिबांना वाटून मग माझ्यामागे ये, असं सांगितलं. तो माणूस खिन्न होऊन निघून गेला, हेही मार्कच्या शुभवर्तमानात नोंदलेलं आहे.

सोळाव्या शतकात पोर्तुगीज अमलाखाली ही शिकवण किनाऱ्यावर रुजली, तीच मुळी विसंगती घेऊन. गरिबीचं व्रत घेतलेल्या धर्मसंघांकडे इथे गावं आणि भातशेती होती. संन्याशाच्या खिशात दमडी नाही, पण संघ जमीनदार! म्हणूनच या किनाऱ्यावरची लक्षात राहणारी त्यागाची उदाहरणं या व्यवस्थेच्या कडेला सापडतात.

गोन्सालो गार्सिया वसईचा, जन्म 1557 च्या सुमाराचा. वडील पोर्तुगीज, आई इथली. येशूसंघीयांकडे (जेझुइट धर्मगुरूंकडे) शिकला, त्यांच्याबरोबर पोरवयात जपानला गेला, तिथली भाषा शिकून त्यांच्या हाताखाली राबला. संघात मात्र त्याला घेतलं नाही. मग त्याने व्यापारात जम बसवला, आणि तो ऐन भरात असताना सोडून मनिलाला फ्रान्सिस्कन या दुसऱ्या धर्मसंघात साधा ब्रदर, म्हणजे धर्मगुरू नसलेला संन्यासी, झाला. 1593 मध्ये दुभाषा म्हणून पुन्हा जपान. क्योटोत या मंडळींनी महारोग्यांची शुश्रूषा केली. व्यापार सुटला, पण पदरची जपानी कामी आली. पुढे धरपकड झाली, डाव्या कानाचा तुकडा कापून धिंड काढली, आणि ऐन हिवाळ्यात नागासाकीपर्यंत नेऊन 5 फेब्रुवारी 1597 रोजी पंचवीस सोबत्यांसह क्रुसावर मारलं. 1862 मध्ये त्याला संतपद मिळालं. वसईतल्या कॉलेजला आज त्याचंच नाव आहे.

गोव्यातल्या बाणावलीत 1651 साली जन्मलेले जुझे वाझ तर धर्मगुरूच होते. युरोपीय संघांची दारं देशी धर्मगुरूंना जवळपास बंदच होती, तेव्हा गोव्यातल्या देशी धर्मगुरूंचा स्वतंत्र समूह त्यांनी नावारूपाला आणला. सिंहलद्वीपात, म्हणजे आजच्या श्रीलंकेत, डचांनी कॅथलिक धर्मगुरूंना बंदी घातली होती, तिथले भाविक वाऱ्यावर पडले होते. 1687 मध्ये वाझ तिथे शिरले ते हमालाच्या वेशात. धर्मगुरूचा झगा घालून गेले असते तर किनाऱ्यावरच पकडले गेले असते. धर्मगुरूपणाचा मान उतरवून ठेवल्याशिवाय त्या लोकांपर्यंत पोचताच येत नव्हतं. त्याच बेटावरच्या कँडी राज्याच्या राजाने हेर समजून कैदेतही टाकलं. पण 1697 च्या देवीच्या साथीत घरचीच माणसं रोग्यांना टाकून पळत होती, तेव्हा वाझ आणि त्यांचा भाचा त्यांना खाऊपिऊ घालत, धूतपुसत राहिले. त्यानंतर त्यांना राज्यभर मोकळीक मिळाली. 1711 मध्ये कँडीतच त्यांनी देह ठेवला, 2015 मध्ये कोलंबोत पोप फ्रान्सिस यांनी त्यांना संत घोषित केलं.

रत्नागिरी जिल्ह्यातल्या करजगावचे नारायण वामन टिळक 1895 मध्ये ख्रिस्ती झाले ते प्रॉटेस्टंट पंथात. अमेरिकन मिशनचा पगार खाऊन सांगितलेला ख्रिस्त आपल्या लोकांना परकाच वाटणार, हे शल्य त्यांना होतं. 1917 मध्ये त्यांनी ती नोकरी सोडली, संन्यास जाहीर केला आणि साताऱ्यात ‘देवाचा दरबार’ मांडला. बाप्तिस्मा घेतलेले आणि न घेतलेले, दोघांनाही तिथे जागा होती. पण संसारी माणसाने पगार सोडला की काटकसर सगळ्या घराला पडते, आणि त्याचा हिशेब संतचरित्रांत सहसा सापडत नाही. टिळकांच्या बाबतीत तो सापडतो, कारण त्यांच्या पत्नी लक्ष्मीबाईंनी ‘स्मृतिचित्रे’ हे आत्मचरित्र लिहिलं. 1919 मध्ये टिळक गेले. त्यांचं ‘ख्रिस्तायन’ हे येशूच्या जीवनावरचं महाकाव्य अर्धवट राहिलं होतं, तेही लक्ष्मीबाईंनीच पुरं केलं.