गावठाण वेगळं, कोळीवाडा वेगळा

"चेंदणीला राहता ना? म्हणजे गावठाणातच की!" हे मला कायम ऐकायला मिळतं. चेंदणी म्हणजे ठाण्यातला कोळीवाडा. घर शोधणारे म्हणतात, एजंट म्हणतात, आमच्याच आळीतली पोरं म्हणतात. ठाण्यात काय, खाडीपलीकडे नवी मुंबईत काय, हे दोन शब्द सर्रास एकमेकांच्या जागी वापरले जातात. एकाच घराला दोन्ही लागू पडू शकतात, म्हणून गोंधळ होतो. पण गावठाण ही जमिनीची हद्द आहे आणि कोळीवाडा ही माणसांची वस्ती.

गावठाणाचं थोडक्यात सांगता येईल. शेतजमिनीपासून वेगळी ठेवलेली, गावानं राहायची जागा. महाराष्ट्र जमीन महसूल संहिता, १९६६ च्या कलम १२२ प्रमाणे तिची हद्द जिल्हाधिकारी ठरवतात. सातबारा शेताचा असतो, त्यामुळे गावठाणातल्या घराला तो मागून उपयोग नाही. सिटी सर्व्हे, म्हणजे शहरी जागेची सरकारी मोजणी, झाला असेल तर प्रॉपर्टी कार्ड, म्हणजे त्या जागेच्या नोंदीचा कागद असतो. त्या हद्दीत आगरी राहतो, कोळी राहतो की कालच आलेला भाडेकरू, याच्याशी कागदाला देणंघेणं नाही.

नवी मुंबईत ही रेष डोळ्यांनी दिसते. १९७० साली नवं शहर वसवायला सिडको ही सरकारी कंपनी आली, ९५ गावांच्या जमिनी शहरासाठी घ्यायचं ठरलं. शेतं आणि मिठागरं गेली, गावठाणं राहिली. म्हणून घणसोलीत सेक्टरचा रुंद रस्ता सोडून आत वळलं की गल्ली एकदम अरुंद होते, घराला घर लागतं. पुढे कुटुंबं वाढली, घरं रेषेबाहेर सरकली. तिथल्या 'गरजेपोटी बांधलेल्या घरां'चा प्रश्न या एका रेषेतून निघालेला आहे.

कोळीवाड्यातला 'वाडा' म्हणजे चौसोपी वाडा नव्हे, वस्ती. आणि ही वस्ती घराच्या भिंतीपाशी संपत नाही. नाव ओढून ठेवायची जागा, जाळी पसरायची जागा, मासळीचं वाळवण, खाडीत उतरायची वाट, हे सगळं धरून कोळीवाडा होतो. यातलं बरंचसं कोणा एकाच्या नावावर नसतं.

माझी मावशी खाडीपलीकडच्या एका कोळीवाड्यात राहते. सकाळी ऊन आलं की ती घरामागच्या मोकळ्या जागेत जुनं जाळं अंथरते, त्यावर जवळा ओतते आणि तळहातानं पातळ करत जाते, कुठे गोळा राहू देत नाही. कावळ्यांसाठी वरून दुसरं जाळं. दुपारी एकदा हलवायचा, संध्याकाळी गोळा करायचा. मी विचारलं, ही जागा कोणाच्या नावावर? म्हणाली, "नावावर कशाला? आपलीच हाय ती." घराचे कागद तिनं पत्र्याच्या पेटीत जपलेत. वाळवणाचा एकही कागद नाही, कारण तसा कागद कधी झालाच नाही. मोजणीला आलेल्या माणसानं घर मोजलं आणि त्या जागेसमोर 'मोकळी' असं लिहून गेला. मला तो शब्द अजून खुपतो. त्या 'मोकळ्या' जागेवर तिच्या तीन मुलांची शिक्षणं झाली आहेत.

उलट बाजूनं पाहायचं तर चेंदणी पाहा. १६ एप्रिल १८५३ ला बोरीबंदरहून पहिली प्रवासी गाडी ठाण्याला आली. आज रुळांच्या पूर्वेला चेंदणी आहे, पश्चिमेलाही चेंदणी आहे. जमिनीचे दोन तुकडे झाले, पण हळदीला दोन्हीकडची माणसं येतात आणि नारळी पौर्णिमेचा नारळ खाडीलाच जातो.

सरकारी कागदात हा फरक अगदीच नाही असं नाही. २०११ च्या सीआरझेड अधिसूचनेत, म्हणजे किनाऱ्यालगतच्या बांधकामांच्या नियमांत, बृहन्मुंबईच्या कोळीवाड्यांचा वेगळा उल्लेख होता आणि त्यांचे नकाशे करायला सांगितलं होतं. गावठाणाच्या हद्दीनं कोळीवाडा पुरता मोजला जात असता, तर हे वेगळं लिहावं लागलं नसतं.

तेव्हा घर घेणाऱ्यानं गावठाणाची हद्द आणि प्रॉपर्टी कार्ड जरूर बघावं. व्यवहार त्यावरच होतो. आमच्या लोकांना मात्र माझं वेगळं सांगणं आहे. मोजणीला कोणी आलं की घराचे कागद दाखवून थांबू नका. त्याला मागे वाळवणापर्यंत चालत न्या, नावा दाखवा, खाडीची वाट दाखवा. आणि पावसाळ्यात नको, जवळा पसरलेला असेल तेव्हा न्या.