हजार येन उसने देणारी चौकी

टोकियोत पाकीट हरवलं आणि घरी जायला ट्रेनच्या तिकिटापुरतेही पैसे उरले नाहीत, तर जवळच्या पोलीस चौकीत जाऊन साधारण हजार येनपर्यंत रक्कम उसनी मिळू शकते. टोकियोच्या महानगर पोलिसांनी त्यासाठी वेगळी तरतूदच करून ठेवली आहे. नाव-पत्ता लिहून द्यायचा, पैसे घ्यायचे आणि नंतर आणून भरायचे.

या चौकीला जपानी लोक कोबान म्हणतात. देशभरातल्या शहरांत अशा सुमारे सहा हजार चौक्या आहेत. खेड्यापाड्यांत आणि लहान बेटांवर त्याच तोडीच्या संख्येने चुझाइशो असतात. तिथला पोलीस चौकीला लागून असलेल्या घरातच कुटुंबासह राहतो. तो गस्तीवर गेला की आल्यागेल्याला बसवणं, फोन घेणं ही कामं बहुधा त्याच्या बायकोकडे येतात, आणि त्याबद्दल तिला भत्ता मिळतो. आपल्याकडच्या किती घरांत हे काम फुकटात होत असेल, असं वाचताना मनात आलंच.

शहरातली कोबान ओळखू येते दारावरच्या लाल दिव्यावरून. आत टेबलखुर्ची, भागाचा तपशीलवार नकाशा, बाहेर पोलिसांच्या सायकली. टोकियोत दाराजवळच्या फलकावर काल शहरात रस्ते अपघातांत किती माणसं दगावली आणि किती जखमी झाली, ते आकडे लावलेले असतात. पोलीस अकादमीतून बाहेर पडलेल्या तरुणाची पहिली नेमणूक साधारणपणे कोबानवरच होते. तिथे त्याच्यासमोर दरोडेखोर क्वचितच उभा राहतो. येतात ते पत्ता विचारणारे, चुकलेली मुलं, घरचा रस्ता विसरलेले म्हातारे आणि शेवटची ट्रेन हुकलेले दारुडे.

हे सगळं लोकांवरच्या मायेपोटी सुरू झालं, असं मात्र नाही. १८७४ साली टोकियोचं पोलीस दल उभं राहिलं. त्याचे प्रमुख कावाजी तोशियोशी युरोपातली पोलीस व्यवस्था पाहून आले होते, आणि सम्राटाच्या नावाने नुकत्याच आलेल्या मेइजी सरकारला बंडाळीची धास्ती होती. पुढे जर्मनीतल्या प्रशियातून आलेल्या विल्हेल्म ह्योन या अधिकाऱ्याच्या सल्ल्याने १८८८ पासून चौक्यांचं जाळं देशभर विणलं गेलं. घरोघरी कोण राहतं, काय करतं, कुणाकडे पाहुणा आला, ही माहिती सरकारला हवी होती. लोकांनाही ते कळत होतं. १९०५ मध्ये रशियाबरोबरच्या तहावर चिडून टोकियोत हिबियाचा दंगा पेटला, तेव्हा जमावाने शहरातल्या सुमारे ७० टक्के चौक्यांची नासधूस केली.

दुसऱ्या महायुद्धानंतर पोलिसांचे राजकीय हेरगिरीचे अधिकार गेले आणि १९५४ च्या कायद्याने पोलीस प्रांतांच्या हाती आले. चौक्या मात्र राहिल्या. घरोघरच्या भेटीही राहिल्या. आजही कोबानचा पोलीस आपल्या भागातल्या घरांची आणि दुकानांची दारं ठोठावतो आणि एक कार्ड भरायला देतो. घरात कोण कोण आहे, संकटात कुणाला कळवायचं, अशी त्यात विचारणा असते. कार्ड भरणं सक्तीचं नाही. भूकंपानंतर ढिगाऱ्याखाली कुणाला शोधायचं हे ठरवताना त्याचा उपयोग होतो. तरी पोलिसाच्या कपाटात आपल्या घराची यादी असणं सगळ्यांनाच रुचत नाही, आणि मोठ्या इमारतींत दार न उघडणारे पुष्कळ असतात. मला तो संकोच रास्त वाटतो. हसून पत्ता सांगणाऱ्या याच पोलीस दलाच्या कोठडीत, आरोपपत्र दाखल होण्याआधी, संशयिताला एका गुन्ह्यासाठी २३ दिवसांपर्यंत ठेवता येतं.

कोबानचं खरं बळ मला दिसतं ते हरवलेल्या वस्तूंच्या कारभारात. एकट्या टोकियोत वर्षाला ४० लाखांहून जास्त वस्तू पोलिसांकडे जमा होतात. त्यांत छत्र्या लाखोंच्या घरात, आणि त्या परत न्यायला येणारे मालक शंभरात एखादाच. पैसे आणि फोन यांची गोष्ट वेगळी, ते बरेचसे मालकांकडे परत जातात. जपानी माणूस जात्याच प्रामाणिक, असं यावरचं ठरलेलं उत्तर आहे. मार्क वेस्ट या अमेरिकी कायदेतज्ज्ञाला ते पटलं नाही. त्याने टोकियो आणि न्यूयॉर्कमध्ये मुद्दाम फोन आणि पाकिटं टाकून पाहिली. टोकियोत बहुतेक वस्तू परत आल्या, आणि त्याही मुख्यतः पोलिसांमार्फत. न्यूयॉर्कमध्ये पोलिसांपर्यंत पोचलेल्या फारच थोड्या. २००३ साली प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात त्याने कायद्याकडे बोट दाखवलं. सापडलेली वस्तू आणून देणाऱ्याला मालकाकडून ५ ते २० टक्के बक्षीस मागता येतं. ठरावीक मुदतीत मालक आला नाही, तर ती सहसा ज्याला सापडली त्याचीच होते. ही मुदत आधी सहा महिने होती, २००७ पासून तीन महिने आहे. उलट वस्तू गुपचूप ठेवून घेणं हा गुन्हा. आणि हे सगळं उरकायला लागणारी चौकी चार पावलांवर. चांगलं वागणं इतकं सोपं करून ठेवलं, की बरेच लोक चांगले वागतात.

मग जपानमधली गुन्हेगारी कोबानमुळे कमी आहे का? इथे जरा जपून बोलायला हवं. २००२ साली जपानमध्ये दंडसंहितेखालचे सुमारे २८.५ लाख गुन्हे नोंदले गेले, युद्धोत्तर काळातला हा उच्चांक. २०२१ मध्ये तो आकडा ५.६८ लाखांवर आला, हा नीचांक. या सगळ्या काळात चौक्यांचं जाळं जवळपास तेच होतं, थोडं आकसलंच. म्हणजे गुन्ह्यांची ही चढउतार केवळ चौक्यांच्या संख्येवर बसवता येत नाही. बंदुकीवरची कडक बंदी, म्हातारा होत चाललेला समाज, गाड्यांची सुधारलेली कुलपं, कॅमेरे, शाळेच्या वाटेवर उभे राहणारे आजी-आजोबा, असं बरंच काही हिशेबात धरावं लागतं.

इतरत्र झालेले प्रयोगही सावध करतात. अमेरिकेत नुअर्कमध्ये १९७८-७९ साली काही वस्त्यांत पोलिसांची पायी गस्त वाढवली. गुन्हे घटले नाहीत, पण लोकांची भीती घटली. फिलाडेल्फियात २००९ मध्ये अतिशय हिंसक अशा मोजक्या कोपऱ्यांवर पायी गस्त लावली, तिथे हिंसक गुन्हे २३ टक्के कमी झाले. दोन्हीकडे पोलीस पायीच फिरत होते. मग जागा किती नेमकी निवडली, यावर बरंच अवलंबून असावं. २०२१ साली ‘सायन्स’मध्ये ब्राझील, कोलंबिया, लायबेरिया, पाकिस्तान, फिलिपिन्स आणि युगांडा या सहा देशांतल्या सामुदायिक पोलिसिंगच्या, म्हणजे पोलिसांनी वस्तीतल्या लोकांशी ओळख ठेवून काम करण्याच्या, प्रयोगांचे निकाल एकत्र आले. विश्वास वाढला नाही, गुन्हेही कमी झाले नाहीत. संशोधकांनी सांगितलेली कारणं ओळखीची आहेत: वरिष्ठांचा रस टिकत नाही, ओळख झालेल्या पोलिसाची बदली होते, तक्रारींवर काम करायला माणसं आणि पैसा नसतो.

सिंगापूरने १९८३ मध्ये टोआ पायो भागात जपानी धर्तीवर चौक्या काढल्या, त्या टिकल्या आणि पसरल्या. पण १९९७ पासून त्यांनीही छोट्या चौक्यांवरचा कारभार मोठ्या केंद्रांकडे वळवला. चौकी चोवीस तास चालवणं माणसं खातं. जपानलाही हे चुकलेलं नाही. गस्तीमुळे चौकीत कुणीच नसायचं, अशा रिकाम्या कोबानची या शतकाच्या सुरुवातीला इतकी ओरड झाली, की निवृत्त पोलिसांना सल्लागार म्हणून मोठ्या संख्येने तिथे बसवावं लागलं. उघड्या दाराचा धोकाही आहे. २०१८ साली आधी तोयामात आणि मग सेंदाईत चौकीत शिरलेल्या वेगवेगळ्या हल्लेखोरांनी एकेका पोलिसाचा जीव घेतला.

२०२२ ते २०२४ अशी सलग तीन वर्षं जपानमधले गुन्हे वाढले. सध्या मोठी डोकेदुखी आहे ती फोनवरून म्हाताऱ्यांना लुबाडणाऱ्या टोळ्यांची. ‘मीच बोलतोय’ असं म्हणत मुलगा किंवा नातू असल्याची बतावणी करायची आणि पैसे उकळायचे. फोन करणारा कधी कधी परदेशात बसलेला असतो, त्याला गल्लीतल्या सायकलवरचा पोलीस पकडू शकत नाही. एकट्या राहणाऱ्या आजींच्या घरी कार्ड भरायला गेलेला पोलीस हल्ली त्यांना आणखी एक गोष्ट सांगून येतो: कुणी फोनवर पैसे मागितले, तर आधी कोबानवर या.