हरवलेल्या जपानी तलवारींचा शोध

जपानबाहेर गेलेल्या किंवा जपानमध्येच नोंदीतून निसटलेल्या जुन्या तलवारी हुडकून त्यांचा काळ, घराणे आणि जमल्यास घडवणारा कारागीर ठरवण्याचा संग्राहकांचा उद्योग. ‘हरवलेली’ हा शब्द इथे जरा फसवा आहे. यातल्या फार थोड्या तलवारी कुठे पुरलेल्या किंवा दडवलेल्या असतात. बाकीच्या कोणाच्या तरी माळ्यावर, कपाटामागे किंवा जुन्या बाजारातल्या टेबलावर चारचौघांसमोर पडून असतात. त्या काय आहेत, हे मात्र जवळच्या कोणालाच ठाऊक नसते.

त्या अशा विखुरल्या कशा? १८७६ साली मेइजी सरकारने तलवार कमरेला लावून फिरण्यावर बंदी घातली. सामुराई घराण्यांचे उत्पन्न आधीच आटले होते, त्यामुळे पुष्कळ तलवारी परदेशी गिऱ्हाइकांना विकल्या गेल्या. खरी वाताहत झाली ती १९४५ नंतर. शरणागतीनंतर दोस्तांच्या फौजांनी शस्त्रे गोळा केली, त्यात लष्करी तलवारींबरोबर घराघरांतल्या पिढीजात तलवारीही गेल्या. काही वितळवल्या, काही समुद्रात बुडवल्या आणि हजारो तलवारी परतणाऱ्या सैनिकांच्या सामानातून आठवण म्हणून अमेरिका, ब्रिटन, ऑस्ट्रेलियाकडे निघाल्या. होम्मा जुन्जी या अभ्यासकाने कर्नल कॅडवेल या अमेरिकी अधिकाऱ्याला तलवार ही कलावस्तू कशी असते ते समजावून दिले आणि सरसकट नाश थांबला. तोक्योतल्या आकाबाने इथल्या गोदामातून वेगळ्या काढलेल्या सुमारे ५,६०० तलवारी तोक्यो राष्ट्रीय संग्रहालयात आल्या. मूळ मालकांना त्या परत करण्यासाठी कायदा व्हायला १९९५ साल उजाडले. ज्यांचे मालक मिळाले नाहीत, त्या १९९९ मध्ये देशभरच्या संग्रहालयांना वाटून दिल्या.

संग्राहकाला आशा असते ती जपानी अधिकाऱ्यांच्या एका सवयीमुळे. १९३४ नंतर लष्कराने नव्या धर्तीची मूठ आणि म्यान ठरवून दिली. पाते मात्र अधिकाऱ्याने स्वतःचे वापरले तरी चाले. मग कोणी घरातले तीनशे-चारशे वर्षांचे पाते काढून लष्करी मुठीत बसवून घेई. आपल्याकडची फिरंग आठवावी : पाते युरोपातले, मूठ मराठी. तिथे पाते आणि मूठ वेगवेगळ्या देशांचे, इथे वेगवेगळ्या शतकांचे. म्हणून ‘दुसऱ्या महायुद्धातली तलवार’ असे लेबल लावून विकायला ठेवलेल्या वस्तूत मुरोमाची काळातले (चौदावे ते सोळावे शतक) पाते असू शकते. नियम असा नव्हे. बहुतेक वेळा आत युद्धकाळात घाईने केलेले पातेच निघते. शिपायांवरच्या नायक-हवालदारांसाठी १९३५ साली काढलेल्या ठोक उत्पादनाच्या तलवारींत तर शोधण्यासारखे काहीच नसते. त्यांची मूठ ओतीव धातूची, वर दोरा गुंडाळल्यासारखी रंगवलेली आणि पात्यावर अनुक्रमांक ठोकलेला.

खरे वाचन मूठ उतरवल्यावर सुरू होते. मुठीत आडवी बसवलेली बांबूची बारीक खुंटी, मेकुगी, पितळी किंवा लाकडी दट्ट्याने हलकेच पलीकडे ढकलतात. मग मूठ डाव्या हातात उभी धरायची, पाते किंचित तिरपे, धार आपल्यापासून दूर, आणि उजव्या मुठीने डाव्या मनगटावर ठोका द्यायचा. दोन-तीन ठोक्यांत पाते जागचे उसळते. दशकानुदशके न उघडलेल्या मुठीत ते गंजाने धरून बसलेले असते, आणि तिथे घाई करणारा माणूस बोटे तरी गमावतो नाही तर मूठ तरी फोडतो.

आत दिसतो तो पात्याचा मुठीत जाणारा दांडा, नाकागो. याला कधीच पॉलिश करत नाहीत. त्यावरचा गंज हाच त्याच्या वयाचा दाखला. जुन्या नाकागोचा रंग काळपट, दाट आणि एकजीव असतो. बोट फिरवले तर गुळगुळीत लागतो आणि हाताला काही लागत नाही. नारिंगी, भुसभुशीत गंज अलीकडचा. खुंटीची भोके एकापेक्षा जास्त असतील तर पाते पुन्हा मुठीत बसवले गेले आहे, बहुधा तोडून आखूड करून. लांब ताची घोड्यावरून वापरायची, धार खाली ठेवून लटकवायची. पुढे पायदळात कमरेला धार वर करून खोचायची कताना आली, तेव्हा कित्येक जुन्या ताची खालच्या टोकाकडून कापल्या गेल्या. त्या तुकड्याबरोबर कारागिराची सहीही गेली. उत्तम पाती बिनसहीची का सापडतात, याचे एक मोठे कारण हेच.

सही असली तरी हुरळून जाऊ नये. मोठ्या नावांच्या खोट्या सह्या शतकानुशतके कोरल्या गेल्या आहेत, आणि जितके नाव मोठे तितका संशय जास्त. जाणकार आधी पाते पाहतो : बाक कसा आहे, घडीव पोलादाचे पोत लाकडाच्या रेषांसारखे आहे की बारीक दाण्यांचे, धारेलगत पाणी देताना (तापवलेले पाते पाण्यात बुडवताना) उमटलेली पांढुरकी लाट, हामोन, सरळ जाते की लवंगेच्या कळ्यांसारखी उसळते. सही वाचायची ती यानंतर, आणि ती पात्याशी जुळते का एवढेच पाहायचे.

सगळ्यात जास्त नुकसान सफाई करते. तांब्या-पितळेला चिंच लावून भांडी लखलखीत करण्याची आपली सवय इथे घातक आहे. पॉलिश पेपर, तारेचा ब्रश किंवा गंज काढायचे रसायन नाकागोवर एकदा फिरले की पुरावा संपला. पात्यावर फिरले, तर प्रशिक्षित पॉलिशवाल्याला दगडांच्या चढत्या बारकाईने धातू उतरवून ते सावरावे लागते. उतरलेला धातू परत येत नाही, आणि हा खर्च पुष्कळदा तलवारीच्या किमतीवर जातो. जाणकार सुचवतात ते फक्त जुने तेल मऊ कापडाने टिपून नवे पातळ तेल लावणे. आगीत सापडून पाणी उतरलेले पाते मात्र कोणताही पॉलिशवाला सुधारू शकत नाही. १६१५ मध्ये ओसाकाचा किल्ला जळाला तेव्हा राखेतून वेचलेल्या नामांकित तलवारींना यासुत्सुगु या लोहाराने जपानचा तेव्हाचा सत्ताधीश तोकुगावा इएयासू याच्यासाठी पुन्हा पाणी दिले. त्या आजही मानाच्या आहेत, पण मूळ लोहाराचे हामोन गेले ते गेलेच.

नशिबाने हाती लागलेल्या तलवारींत सर्वांत ज्ञात उदाहरण कागोशिमाच्या तेरुकुनी देवस्थानातल्या, कुनिमुने या लोहाराने घडवलेल्या ताचीचे. तेराव्या शतकातली ही तलवार युद्धानंतर नाहीशी झाली आणि अमेरिकेत अटलांटाच्या एका जुन्या वस्तूंच्या दुकानात डॉ. वॉल्टर कॉम्प्टन या संग्राहकाला मिळाली. ती कोणाची हे कळल्यावर त्यांनी १९६३ मध्ये एक पैसाही न घेता देवस्थानाला परत केली. आज ती जपानची राष्ट्रीय ठेव आहे. क्योतोच्या राष्ट्रीय संग्रहालयात २०१४ मध्ये आलेली, मासामुने या नामवंत लोहाराची ‘शिमाझु मासामुने’ सुमारे दीडशे वर्षे बेपत्ता मानली जात होती.

नारा इथल्या तोदाइजी मंदिराची गोष्ट याहून विलक्षण. सम्राट शोमू यांच्या निधनानंतर ७५६ साली सम्राज्ञी कोम्यो यांनी त्यांच्या वस्तू बुद्धाला अर्पण केल्या. त्या यादीत शंभर तलवारी होत्या आणि पहिल्या दोन, ‘यांग’ आणि ‘यिन’ तलवारी, पुढे भांडारातून बाहेर काढल्याची नोंद होती. त्यांचे काय झाले ते कोणालाच माहीत नव्हते. विसाव्या शतकाच्या सुरुवातीला मंदिरातल्या महाबुद्धाच्या मूर्तीच्या गुडघ्याजवळ खोदताना दोन गंजलेल्या तलवारी मिळाल्या आणि राष्ट्रीय ठेव म्हणून त्या नीट जपल्याही गेल्या. २०१० मध्ये क्ष-किरणांत पात्यांवरची अक्षरे उमटली, तेव्हा या त्याच दोन आहेत हे कळले. म्हणजे सुमारे शंभर वर्षे त्या तज्ज्ञांच्या डोळ्यांसमोरच होत्या.

न सापडलेल्यांत पहिला मान ‘होन्जो मासामुने’चा. तोकुगावा घराण्याची ही तलवार १९४५ च्या डिसेंबरात तोक्योतल्या मेजिरो पोलीस ठाण्यात जमा झाली. पुढे ती एका अमेरिकी सार्जंटने नेल्याचे सांगतात, पण नोंदीतले नाव लष्कराच्या दप्तरातल्या कोणाशीही जुळवता आलेले नाही. बहुधा ते जपानी कानांनी ऐकून लिहिलेले नाव असावे.

सापडलेल्या पात्याला मान्यता मिळते ती कागदाने. १९४८ मध्ये स्थापन झालेल्या जपानी कलात्मक तलवार जतन संस्थेची प्रमाणपत्रे होझोन, तोकुबेत्सु होझोन, ज्युयो आणि तोकुबेत्सु ज्युयो अशा चार चढत्या पायऱ्यांची असतात. त्यासाठी तलवार जपानला न्यावी लागते आणि तिथे तिची सरकारी नोंदणी अनिवार्य आहे. हाताने घडवलेल्या पात्यालाच ती मिळते. कारखानी लष्करी पाते नेले तर ते परत येत नाही.

महाराष्ट्राचा या विषयाशी संबंध थोडा, पण खरा. ब्रह्मदेश आणि मलायात शरण आलेल्या जपानी अधिकाऱ्यांनी तलवारी जाहीरपणे खाली ठेवाव्यात असा माउंटबॅटन यांचा आग्रह होता, आणि तिथल्या फौजेत भारतीय पलटणी मोठ्या संख्येने होत्या. १९४६-४७ मध्ये जपानमध्ये तैनात भारतीय ब्रिगेडमध्ये पाचव्या मराठा लाइट इन्फन्ट्रीची पहिली बटालियन होती. तेव्हा एखाद्या निवृत्त फौजीच्या वाड्यात अशी तलवार निघाली तर नवल नाही. ती शंभर वर्षांहून जुनी ठरली, तर १९७२ च्या पुरावस्तू कायद्यामुळे प्रमाणपत्रासाठीसुद्धा देशाबाहेर नेणे सोपे राहत नाही. अशा तलवारीच्या मुठीला कधी कधी शरणागतीच्या वेळची लाकडी किंवा कापडी पट्टी अजून बांधलेली असते. तिच्यावर शाईने अधिकाऱ्याचे नाव, क्वचित गावही लिहिलेले असते, आणि त्यावरून तलवारी मूळ कुटुंबाकडे पोचल्या आहेत. पुष्कळ घरांत हीच पट्टी मळकी दिसते म्हणून आधी कापून टाकतात.