गोठवलेला मासा म्हणजे शिळा मासा नव्हे

जपानमधल्या सुशिरो, कुरा अशा स्वस्त सुशी साखळ्यांत मासा गोठवलेला, म्हणजे शिळा असतो, असा समज आहे. कल्ले उघडून मासा घेणाऱ्या आपल्याला ही शंका येणं साहजिकच. पण ती चुकीची आहे. दूरच्या समुद्रातला ट्यूना बोटीवरच उणे ६० अंशांच्या आसपास गोठवतात, त्यामुळे त्याचा लाल रंग आणि चव टिकते. शिवाय उणे २० अंशांत २४ तास ठेवलं की माशातली अनिसाकिस ही परजीवी अळी मरते. व्हिनेगर किंवा वासाबीने (सुशीसोबतच्या झणझणीत हिरव्या चटणीने) ती मरत नाही! तेव्हा मागुरो, म्हणजे ट्यूना, खुशाल मागवा. कच्चं नकोच असेल तर उकडलेली कोळंबी किंवा भाजलेला उनागी (ईल मासा). शाकाहारींनी कप्पामाकी, म्हणजे काकडीचा सुशी रोल, घ्यावा. गोडसर इनारी (टोफूच्या तळलेल्या पिशवीत भरलेला भात) मात्र शाकाहारी वाटली तरी तिच्या टोफूत सहसा माशाचा दाशी, म्हणजे रस्सा, मुरलेला असतो.